पाण्याच्या उलट चालताना

आसूदच्या पाखाडीवरची एक पायरी. दापोलीहून हर्णैकडे जाणारा रस्ता दाबकेवाडीपाशी सोडला, की घरांच्या कडेकडेनं, पोफळींच्या गार सावलीतून जी वाट केशवराजाच्या देवळाकडे उतरते, तिच्या पहिल्या वळणानंतरची ही पायरी. जांभ्याच्या दोन चिऱ्यांची, हातभराहून थोडी अधिक रुंद, आणि मध्ये इतकी किंचित खोलगट, की डोळ्यांना पत्ता लागू नये पण तळपायाला लगेच लागावा. कोरडी असते तेव्हा तिचा रंग गेरूचा, ओली झाली की पिकल्या जांभळाच्या सालीचा. आणि श्रावणात तिच्या कडांवर शेवाळ चढलं, की कुणी तरी हिरवं लुगडं घडी घालून तिथं ठेवलं आहे आणि उचलायचं विसरलं आहे, असा भास होतो. आपण घाईत असलो तर अशा कितीतरी पायऱ्या दहा मिनिटांत उतरून जाऊ. पण घाईतल्या माणसानं पाखाडीच्या वाटेला जाऊच नये. त्याच्यासाठी डांबरी रस्ता आहे, आणि तो सगळीकडे जातो.

या पायरीची उंची पाहा. वीतभरसुद्धा नाही. सह्याद्रीतल्या एखाद्या गडाच्या कातीव पायऱ्या आठवा, गुडघा छातीला लावून चढायच्या. त्या शत्रूला दमवण्यासाठी होत्या. ही पायरी आपल्याच माणसांसाठी आहे, आणि माणसाहूनही त्याच्या डोक्यावरच्या ओझ्यासाठी. गवताचा भारा, नारळांचं टोपलं, पाण्याची कळशी, भाताची गोणी, क्वचित आजारी माणसाची डोलीसुद्धा, या वाटेनं गेली आहे. डोक्यावर भारा असलेल्याला पायाखाली बघता येत नाही. मान खाली गेली की भारा गेला. म्हणून पायरी अशी हवी, की ती बघावी लागू नये. एक उतरली की पुढची कुठे आहे हे पावलाला पाठ असावं. लांबीही तशीच राखलेली: एका पायरीवर साधारण दीड पाऊल पडतं, त्यामुळे चढण्याचं काम एकदा उजव्या गुडघ्याला, एकदा डाव्याला, असं आपोआप वाटून जातं. हे कुणी कागदावर आखलं नसेल. ज्या गवंड्यानं चिरा बसवला त्याच्या घरातलीच बाई दुसऱ्या दिवशी त्यावरून भारा घेऊन जाणार होती, एवढं पुरेसं होतं.

मला हे कळलं ते पडल्यावर. एका ऑगस्टमध्ये नव्या बुटांच्या भरवशावर मी या पाखाडीवरून ऐटीत उतरत होतो. बुटाच्या तळाला खोल खाचा होत्या, दुकानदारानं त्यांचं फार कौतुक केलं होतं. शेवाळानं ते कौतुक मानलं नाही. मी दोन पायऱ्या बसल्या बसल्या उतरलो आणि गडग्याला टेकून श्वास घेतो आहे, तोच खालून एक म्हातारी बाई डोक्यावर ओल्या गवताचा भारा घेऊन वर आली. पायात झिजून कागद झालेली रबरी चप्पल. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहताच येत नव्हतं. "वाईच सरा भाऊ, भारा गडग्याला घासतोय," एवढं म्हणाली आणि मी अंग चोरलं तेवढ्या जागेतून, गवताचं पाणी माझ्या खांद्यावर ठिबकवत, एकाही पायरीवर न अडखळता निघून गेली. तिची पावलं पायरीच्या मधोमध, त्या किंचित खोलगट जागी, अचूक पडत होती. शेवाळ कडांना असतं. मधली जागा पावलांनी स्वच्छ ठेवलेली असते. घसरायचं नसेल तर गावानं जिथं पाऊल ठेवलं तिथं ठेवावं, इतकी साधी गोष्ट, आणि मी कडेकडेनं फुलं बघत चाललो होतो.

पुण्यामुंबईच्या आपल्यासारख्या लोकांना भटकंती म्हटलं की सुळके, घळी, दोर, माथ्यावरचा झेंडा असं काही तरी डोळ्यांपुढे येतं. दापोलीच्या किनाऱ्यावरच्या या गावांमध्ये, आसूद, मुर्डी, आंजर्ले, पाडले, आडे, केळशी या ओळीत, तसलं काही नाही. इथला डोंगर समुद्रापासून फार तर शे-दोनशे मीटर उठतो आणि वर जाऊन चक्क सपाट होतो. सर करायला शिखरच नाही. जे आहे ते एवढंच: खाली किनाऱ्याची वाळू, तिला लागून नारळी-पोफळींची आगरं, मग भाताचे मळे, मग उतारावर आंब्याकाजूची कलमं, आणि सगळ्यांच्या वर उघडाबोडका कातळाचा सडा. या पाच पट्ट्यांना खालून वर शिवत जाणारा दोरा म्हणजे पाखाडी. तिच्यावरून अर्ध्या दिवसात आपण समुद्रापासून सड्यापर्यंत जातो. ही चाल कुठल्या क्रमानं करावी याबद्दल माझं एक ठाम मत आहे: खालून वर, आणि पाण्याच्या विरुद्ध दिशेनं. का, ते वाटेतच सांगतो.

पाखाडीच्या बाजूनं पाट वाहतो. प्रथम तो दिसत नाही, ऐकू येतो. पोफळीच्या बागेत आवाजाला भिंती नसतात, छत मात्र असतं, त्यामुळे पाण्याचा तो बारीक, एकसुरी झुळझुळाट नक्की कुठून येतो हे उमगत नाही. वाटतं, झाडंच बोलत आहेत. मग गडग्याच्या पायथ्याशी दगडी पन्हळ दिसते, तिच्यात बोटभर खोल, काचेसारखं पाणी, आणि त्यावर तरंगत चाललेलं एखादं सुपारीचं फूल. या पाण्याला वळणं दिलेली आहेत. एका ठिकाणी चिखलाचा गोळा आणि फडकं लावून पाट अडवलेला असतो. पाणी डावीकडच्या आगरात वळतं, एकेका आळ्यात शिरतं, ते भरलं की पुढच्यात. तासाभरानं कुणी तरी येऊन चिखलाचा तो गोळा पायानंच बाजूला सारतं आणि पाणी पुढच्या घराकडे जातं. पाळ्या ठरलेल्या असतात. आपल्याला ऐकू येणारा झुळझुळाट हा असा हिशेबाचा आहे, हे कळल्यावर त्याची गोडी मला तरी अधिकच वाटू लागली.

आगरात जरा थांबू या. पोफळ हे झाड एकटं पाहण्यात मजा नाही; ते नेहमी समुदायात पाहावं. सगळी सरळ, सगळी सडपातळ, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, आणि वर, फार वर, पात्यांची जाळी. त्या जाळीतून ऊन खाली येतं ते नाण्यांच्या आकारात, आणि वारा आला की ती नाणी जमिनीवर इकडून तिकडे सरकतात. सुपारी उतरवण्याच्या दिवसांत गेलात तर एक दृश्य अवश्य पाहा: पायात दोरीचा वेढा घालून गडी एका पोफळीवर चढतो, शेंड्याशी शिपटं तोडून खाली सोडतो, आणि मग खाली न उतरता अंगाचा झोका देऊन ती लवचिक पोफळ वाकवतो, आणि शेजारच्या पोफळीला हात घालून तिच्यावर जातो. सुटलेली पोफळ मागे सणकन सरळ होते. असा तो सकाळभर जमिनीला पाय न लावता आख्खी ओळ फिरून येतो. खाली पाखाडीवर आपण, वर त्याची हवेतली पाखाडी. दोन्ही वाटांवरचं अंतर पावलाच्या मापानंच ठरलेलं.

मग साकव लागतो. पूर्वी ओढ्यावर माडाचे नाहीतर पोफळीचे सोट टाकून केलेला असे, आता पक्का आहे. पण त्यावर पाऊल टाकताना अंगात जी एक जुनी सावधगिरी जागी होते ती काही पक्की झालेली नाही. साकवाच्या अलीकडची वाट उतरती होती, पलीकडची चढती आहे, आणि पाखाडीच्या रचनेत हा साकव म्हणजे वृत्तातली यती: श्वास घेण्याची, चाल बदलण्याची जागा. आपण खाली वाकून ओढ्याकडे बघतो, उगीच रेंगाळतो, आणि मग समोरच्या उंच दगडी पायऱ्यांकडे बघून शहाण्यासारखं गप्प होतो.

त्या पायऱ्या चढून गेल्यावर दाट झाडीत केशवराजाचं देऊळ आहे. लहान, दगडी, अंगणात सावली. आतली काळ्या पाषाणातली विष्णुमूर्ती देखणी आहेच, पण तिच्याकडे पाहताना एक बारकावा मनात असू द्यावा. विष्णूची चोवीस रूपं ओळखतात ती चेहऱ्यावरून नव्हे, चार हातांतल्या चार वस्तू कुठल्या क्रमानं धरल्या आहेत त्यावरून. पद्म, शंख, चक्र, गदा या क्रमानं धरल्या तर तो केशव. क्रम बदलला की नाव बदललं. ऐवज तोच, मांडणी वेगळी. किनारा, आगर, मळा, कलमं, सडा हेही कोकणात सगळीकडे तेच आहेत, आणि तरी आसूद ते आसूद आणि केळशी ती केळशी.

अंगणातल्या गोमुखाशी मी नेहमी सर्वांत जास्त वेळ काढतो. दगडी गाईच्या तोंडातून बारमाही धार पडते आहे. मे महिन्यातही पडते. ओंजळ धरली की हाताची बोटं बधिर व्हावीत इतकं गार पाणी. हे पाणी कुठून येतं? देवळाच्या मागे वरच्या अंगाला झरा आहे, तिथून दगडी पन्हळीतून ते इथवर आणलं आहे. बरं, झऱ्यात कुठून येतं? आणि मे महिन्यात, जेव्हा वरचा सडा तव्यासारखा तापलेला असतो, तेव्हाही कसं येतं? हा प्रश्न पडला की देवळातून परत फिरवत नाही. पाट आपल्याला गोमुखापर्यंत घेऊन आला, गोमुख झऱ्याकडे बोट दाखवतं. आता वर जायलाच हवं. म्हणून म्हटलं, ही चाल पाण्याच्या उलट करायची. वरून खाली येणाऱ्याला सगळी उत्तरं आधी मिळतात आणि प्रश्न नंतर, त्यात काय रस?

जाता जाता एक आठवण. श्री. ना. पेंडसे १९१३ साली याच भागातल्या मुर्डीत जन्मले, आणि त्यांच्या 'गारंबीचा बापू'मध्ये आगरं आहेत, वहाळ आहेत, चढउतार आहेत ते इथलेच. पुस्तकाची शिफारस करायला मी इथं बसलेलो नाही. पण या पाखाड्या तुडवल्यावर पेंडशांच्या माणसांचा तो ताठा, ते आडमुठेपण, ते एकमेकांच्या घराकडे तिरकं बघणं मला भूगोलातूनही समजू लागलं. इथलं प्रत्येक घर दुसऱ्या घराच्या किंचित वर नाहीतर किंचित खाली आहे. सपाटीवर राहणाऱ्यांचं शेजारपण वेगळं, उतारावरच्यांचं वेगळं. पाणी वरच्याच्या आगरातून खालच्याकडे येतं, ही साधी गोष्ट दोन पिढ्यांची भांडणं पुरवायला पुरेशी असते.

सडा. कलमांच्या बागा मागे पडतात, शेवटचं बेडं ओलांडायचं, बांबूचे दांडे सरकवून पलीकडे जाऊन पुन्हा जागच्या जागी लावायचे (हे विसरू नये, आपल्या मागून गुरं कलमांत शिरली तर गाव आपल्याला विसरणार नाही), आणि एकदम डोक्यावरचं छत निघून जातं. आतापर्यंत आकाश नाण्यांनी मिळत होतं, आता सगळी थैलीच ओतली. पायाखाली काळपट तांबडा कातळ, दूरवर, जवळजवळ क्षितिजापर्यंत. झाड नाही, घर नाही. एप्रिलमध्ये इथं उभं राहिलं तर हा जमिनीचा मेलेला भाग आहे असंच कुणीही म्हणेल, आणि माणसं 'कातळ' हा शब्द कसल्या माणसांसाठी वापरतात तेही कळेल.

पण खाली बसा. हात लावून पाहा. कातळ सलग नाही. त्याला भोकं आहेत, नळ्या आहेत, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा तो आतून पोकळ आहे. जांभा हा असाच. जमिनीतून काढताना इतका मऊ, की पूर्वी पहारीनं आणि कुऱ्हाडीसारख्या हत्यारानं त्याचे चिरे तासत. वारा-ऊन लागलं की घट्ट होत जातो. पावसाळ्यात या सड्यावर चार महिने जे कोसळतं त्यातलं बरंच पाणी या छिद्रांमधून आत मुरतं, खाली खाली जातं, आणि जांभ्याच्या तळाशी चिकणमातीचा थर लागला की तिथं अडतं. पुढे खाली जाता येत नाही म्हणून आडवं सरकतं, आणि डोंगराच्या कुशीत जिथं तो थर उघडा पडतो तिथं झरा होऊन बाहेर येतं. सावकाश येतं; भर पावसातलं पाणी असं महिनोन्महिने झिरपत राहतं. म्हणजे ज्याला आपण मेलेला म्हणत होतो तो सडा हाच आसूदच्या आगराचा हंडा आहे, फक्त त्याला तोटी फार खाली बसवली आहे. गोमुखाच्या तोंडची ती मे महिन्यातली गार धार म्हणजे गेल्या आषाढातला पाऊस. आपण ओंजळीत धरला होता तो.

हे कळल्यावर सड्यावरचं चालणं बदलतं. पाऊल जरा हलकं पडतं. सड्यावर जायची उत्तम वेळ गणपतीच्या पुढेमागे, सप्टेंबरच्या उत्तरार्धात. तेव्हा कातळातल्या उथळ खोलग्यांमध्ये बोटभर पाणी साठलेलं असतं आणि त्या पाण्याच्या कडेनं सीतेची आसवं उमललेली असतात: तिळाएवढी, निळसर जांभळी, हजारोंनी. उभ्यानं पाहिलं तर कातळावर निळा धूर पसरल्यासारखं दिसतं. फूल पाहायचं असेल तर गुडघे टेकावे लागतात. इतकं नाजूक फूल, आणि त्याच्या बुडाशी पाण्यातले सूक्ष्म जीव पकडणाऱ्या इवल्या पिशव्या, कारण कातळावरच्या या चिमूटभर मातीत पोट भरत नाही. शेजारी पांढऱ्या गेंदाच्या घुंड्या, कुठे कवळ्याची पिवळी फुलं, कडेच्या मातीत तेरडा. महिन्याभरात पाणी आटतं, निळा धूर विरतो, आणि सोनेरी गवत उरतं. त्याचेच भारे होतात. आपल्याला पाखाडीवर अंग चोरायला लावणारा भारा इथून सुटलेला असतो.

या वाटा सड्यावर संपत नसत. बाजाराला, घाटाकडे, शिक्षणाला माणसं याच सड्यांवरून जात. शेजारच्या मुरुडचा एक मुलगा १८७५ साली परीक्षेला बसायचं म्हणून सोबत्यांबरोबर पायी निघाला, शंभरावर मैल चालून, भर पावसात घाट चढून साताऱ्याला पोचला, आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. तो परत आला. पुढे लोक त्याला महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणू लागले. मला त्या गोष्टीत नेहमी परतीचा प्रवास दिसतो, ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही: तोच घाट, तेच मैल, आणि हातात काही नाही.

आता आंजर्ल्याकडे. पूर्वी जोग नदीची खाडी होडीतून ओलांडल्याशिवाय हर्णैच्या बाजूनं आंजर्ल्याला जाता येत नसे, आता पूल आहे. आणि कड्यावरच्या गणपतीपर्यंत थेट गाडी जाते, त्यामुळे बहुतेक लोक गाडीतून उतरतात, दर्शन घेतात, फोटो काढतात आणि गाडीत बसतात. त्यांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही, पण त्यांचं गणपतीचं पाऊल चुकतं. गावातून चढणाऱ्या जुन्या वाटेवर एका खडकात ते दाखवतात. कथा अशी: देऊळ पूर्वी खाली समुद्रकाठी होतं, अजरालयेश्वराच्या शेजारात, त्या अजरालयावरूनच गावाचं नाव आलं असं म्हणतात. समुद्र आत येऊ लागला, देऊळ बुडालं, तेव्हा देव स्वतःच पाऊल टाकत कड्यावर गेला. त्या चढणीतलं हे एक पाऊल.

या कथेचा मला आवडणारा भाग हा, की देवाला चमत्कार करून थेट वर जाता आलं असतं. गावानं त्याला चालत पाठवलं. पाण्याकडे पाठ करून, सगळं गाव जातं त्याच चढानं. आणि एकच पाऊल दाखवतात, दोन नाही. दुसरं कुठे पडलं असेल याचा अंदाज करत आपण वर चढतो, आणि पाहता पाहता माथा येतो. देवळाचा आजचा घुमटाकार घाट अठराव्या शतकातल्या जीर्णोद्धाराचा, आत उजव्या सोंडेचा गणपती, समोर तळं. मागे वळून पाहिलं की खाली माडांचा हिरवा पट्टा, त्यापलीकडे वाळूची पांढरी कडा, खाडीचं तोंड, आणि दक्षिणेला समुद्रात तरंगणारा सुवर्णदुर्ग.

सुवर्णदुर्गाबद्दल एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १७५५ साली तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेताना इंग्रजांच्या गलबतांचा प्रमुख कमोडोर विल्यम जेम्स होता. तो वारल्यावर त्याच्या विधवेनं १७८४ मध्ये लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर, रानात, एक तिकोनी बुरूज बांधला आणि त्याला या किल्ल्याचं नाव दिलं: सेव्हर्नड्रूग. इंग्रजी जिभेवरचा सुवर्णदुर्ग. तिथले लोक आजही रविवारी झाडीतून चालत त्या बुरुजापाशी जातात. त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, की मूळ सुवर्णदुर्ग पाहायचा तर आंजर्ल्याच्या पाखाडीनं वर येऊन गणपतीकडे पाठ करून उभं राहायला हवं.

त्याच वाटेनं उतरताना एक फरक जाणवतो, आणि पूर्वी येऊन गेलेल्यांना तो टोचतो. वाटेवर ऊन फार आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं इथली आगरं झोपवली. माड मोडले, पोफळी तर ओळीच्या ओळी आडव्या झाल्या. वादळानंतरच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा जिथं भर दुपारी दिवेलागणीसारखा उजेड असे तिथं डोळे दिपत होते. पायऱ्यांवरचं शेवाळ जळून गेलं होतं, जांभा फिक्कट पडला होता, गडग्यातले नेचे कागदासारखे चुरत होते. एका आगरात पोफळीची नवी रोपं लावलेली, गुडघ्याएवढी. आणि उन्हानं ती करपू नयेत म्हणून मधून मधून केळी लावलेल्या. "सावलीला सावली लावलीय," आगरातले आजोबा म्हणाले. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. त्यांचं वय मी विचारलं नाही.

उरलं ते वाळूवरचं चालणं, आंजर्ल्याहून पाडल्याकडे आणि जमलं तर पुढे आड्यापर्यंत. इथं पाखाडीसारखी कायमची वाट नाही. समुद्र दिवसातून दोनदा ती काढून घेतो आणि दोनदा परत देतो. कधी देतो हे घड्याळात नाही, पंचांगात पाहायचं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: द्वितीयेला दीडच्या सुमारास, अष्टमीला सहाला. त्यात सहा तासांचा फरक केला की सुकती. म्हणून चालायला द्वितीया-तृतीयेची सकाळ उत्तम. सात-आठच्या सुमारास सुकती असते, आणि अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नुकतंच सरलेलं असल्यानं समुद्र हटतोही दूरवर. अष्टमीच्या भांगाला ती मजा नाही, पाणी अर्धवट मागे जातं आणि रेंगाळतं. अशा सकाळी ओल्या वाळूवर पहिली पावलं आपली असली तर समजावं, आपण वेळेवर आलो. पहिली म्हणजे माणसांत पहिली. इवल्या खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी आधीच घातलेली असते. आणि हिवाळ्याच्या दिवसांत कधी तरी समुद्रातून सुरूंच्या रांगेकडे गेलेला आणि परत समुद्राकडे आलेला एक रुंद, दोन्ही बाजूंनी वल्ह्यांसारखे फटकारे असलेला पट्टा दिसतो. रात्री कासवीण येऊन, अंडी घालून गेलेली असते. तीही ओझं घेऊन चढते, रिकामी होऊन उतरते.

गेल्या खेपेला अशाच एका तृतीयेच्या सकाळी आंजर्ल्याच्या वाळूत मी काही तरी शोधत होतो. आगरांच्या खालच्या अंगाला, सुरूंच्या पुढे, ओहोटीनं उघड्या पडलेल्या उतारावर वाळूतून पाणी झिरपत होतं. बोटांएवढ्या बारीक ओहोळांनी, झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी काढत समुद्राकडे निघालं होतं. माझ्या मनात सगळं जुळून आलं होतं. सडा, झरा, गोमुख, पाट, आळी, आणि हा शेवट. सड्यावरचा पाऊस इथं समुद्राला मिळतो आहे अशी माझी खात्रीच झाली. बरोबरच्या मित्राला हाक मारली, गुडघे टेकले, ओहोळात बोट बुडवलं आणि चाखून पाहिलं.

गोड नव्हतं. खारटही नव्हतं. मित्रानंही चाखलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "मचूळ." भरती चढायला अजून दोन-तीन तास होते. आम्ही पाडल्याकडे तोंड करून चालू लागलो.